सलगमची पानं अशी का झाली?

प्रश्न: ताई, परसात सलगम आणि मुळा लावलाय. सलगमची नवी पानं आखडून वाकडी झालीत, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी पडलीय. दुकानदाराने दिलेलं औषध दोनदा मारलं, काही फरक नाही. बुरशी आहे का?

उत्तर: नाही हो दादा, बुरशी वाटत नाही. लक्षणं टर्निप मोझॅइक व्हायरसची दिसतायत, पक्कं लॅबमध्येच कळेल. हा रोग 1921 पासून माहितीये, मुळा, मोहरी, कोबी सगळ्या भावकीत फिरतो. पसरवतो मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पान उलटं करून बघा, शिरेजवळ बारीक हिरवे किडे चिकटलेले असतील. नसले तरी व्हायरस नाही असं समजू नका, कारण मावा सोंड खुपसून काही सेकंदांतच व्हायरस उचलतो आणि शेजारच्या रोपात सोडून मोकळा होतो, औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं, म्हणून तुमचे पैसे वाया गेले. लागण झालेलं झाड बरं होत नाही, उपटून टाका, जीव तुटतो पण इलाज नाही. बांधावरची रानमोहरीही काढा, व्हायरस तिथेच मुक्काम करतो. पुढच्या वेळी चंदेरी मल्चिंग पेपर (रोपांभोवती माती झाकायचं प्लास्टिक) टाका, त्याच्या चकाकीने मावा कमी उतरतो. आणि हो, माणसाला हा व्हायरस लागत नाही, चांगले कंद खुशाल भाजीत घाला.