ओएलईडी टीव्हीवर वृत्तवाहिनीच्या पट्टीची सावली उमटली आहे; सेटिंग बदलून ती जाईल का?

वडील दिवसभर बातम्या लावून बसतात आणि आता पडद्यावर लाल रंग पसरला की खालच्या पट्टीची व लोगोची सावली दिसते, असे आपण लिहिले आहे. दोन-तीन तास सतत बदलणारी दृश्ये पाहूनही ती सावली जात नसेल, तर ती कोणत्याही सेटिंगने पुसली जाणार नाही, कारण तो डाग नसून झीज आहे. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो, त्यातील सेंद्रिय द्रव्य वापरानुसार मंदावत जाते आणि प्रखरता जितकी अधिक तितके ते लवकर मंदावते. जुन्या वाड्याच्या दगडी पायरीचा मधलाच भाग झिजावा तसे हे आहे. (दुकानात ज्याला नुसते 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो प्रत्यक्षात मागून प्रकाश दिलेला एलसीडी असतो, त्यावर अशी सावली क्वचितच उमटते आणि उमटली तरी बहुधा जाते.)

टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या आरटिंग्ज या संकेतस्थळाने 2018 साली एकाच प्रकारचे सहा ओएलईडी संच दिवसाला 20 तास चालवून पाहिले होते. त्यांपैकी दोहोंवर एकच वृत्तवाहिनी लावलेली होती, एकावर मर्यादित व दुसऱ्यावर कमाल प्रखरतेने, आणि कमाल प्रखरतेच्या संचाची झीज अधिक झाली. म्हणून पुढची झीज कमी व्हावी यासाठी सर्वप्रथम 'व्हिव्हिड' हा चित्राचा भडक मोड सोडावा. तो दुकानातील झगझगीत दिव्यांत उठून दिसण्यासाठी असतो आणि त्यातील पांढरा रंग निळसर असतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड सुमारे 6500 केल्विन (पांढऱ्या रंगाची निळसर-पिवळसर छटा मोजण्याचे एकक) या प्रमाणित पांढऱ्या रंगाच्या जवळ असतो. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, वडील कुरकुर करतील. नंतर डोळे सरावतात. त्यानंतर पडद्याचा प्रकाश कमी करावा, मात्र येथे एक गफलत होते: काही कंपन्यांच्या मेनूत 'ब्राइटनेस' नावाची पट्टी प्रकाश नव्हे, तर काळ्या रंगाची पातळी बदलते. ती खाली ओढली तर अंधारातले तपशील बुडतात आणि झीज मात्र होती तशीच राहते. अशा संचात प्रकाशाची पट्टी 'ओएलईडी लाइट' किंवा 'पिक्सेल ब्राइटनेस' अशा वेगळ्या नावाने असते.

माझी स्वतःची चूक याहून साधी होती. वीज वाचवावी म्हणून मी रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करत असे. आपल्याकडे बहुतेक घरांत ही सवय असतेच. वास्तविक, काही तासांच्या वापरानंतर रिमोटने संच बंद केला की तो स्टँडबायमध्ये काही मिनिटे बिंदूंची तपासणी करून त्यांतील फरक भरून काढतो, आणि वीजच तोडली तर हे काम होतच नाही. आपणही असे करत असाल तर ते आजच थांबवावे. मेनूतील 'पिक्सेल रिफ्रेश', म्हणजे बिंदूंमधील फरक भरून काढण्याचे हेच काम आपण स्वतः सुरू करण्याचा पर्याय, एकदा चालवून पाहावे. सावली फिकट होण्याची शक्यता आहे, पण ते वारंवार चालवू नये. चित्र किंचित सरकवणारा आणि लोगो मंद करणारा हे दोन्ही पर्याय चालू ठेवावेत.

वॉरंटीबाबत आशा बाळगण्यापूर्वी कागद नीट वाचावेत, कारण अशी झीज अनेकदा त्यातून वगळलेली असते. आणि वडिलांची दिनचर्या बदलणार नसेल, तर बातम्यांसाठी त्यांच्या खोलीत एक साधा एलसीडी संच लावून हा ओएलईडी चित्रपटांसाठी बैठकीच्या खोलीत हलवावा. आमच्या घरी शेवटी तेच करावे लागले.