ख्रिस्ती कुटुंबाने संकटाची तयारी कशी करावी? आधीच तयारी करणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

सलाम. तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती घराने पूर, आग, आजारपण अशा अचानक येणाऱ्या संकटांसाठी आध्यात्मिक आणि व्यावहारिक तयारी कशी करायची, आणि खाली एक ओळ जोडलीय की घरचे म्हणतात, एवढी तयारी करतेस म्हणजे तुझा देवावर भरवसा नाही. पहिल्या भागाची उत्तरं भरपूर जण देतील. मी त्या खालच्या ओळीसाठी लिहायला बसलेय, कारण तीच ओळ मी आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या बाहेरच्या खोलीत, उभी राहून ऐकलीय आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

आम्ही सांगलीचे. घर मारुती चौकापासून चालत पाच मिनिटांवर, म्हणजे पुराचं पाणी शिरतं त्या भागात, सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. जुनं घर, खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर एक माडी आणि तिला लागून छोटी गच्ची. मी मिरजेत नर्सिंग शिकले, नोकरी पण तिकडेच झाली, आता रिटायर आहे. तेव्हा घरात सासूबाई होत्या, आम्ही आईच म्हणायचो, वय ७९, शुगर जुनी, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मोठे दीर, त्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे जबाबदारी असलेले ज्येष्ठ आहेत, उपासनेत प्रार्थना चालवतात. जाऊबाई, माझे मिस्टर, मी आणि पुतण्याची दोन पोरं, एक नऊचा आणि एक सहाची.

२०१९ चा ऑगस्ट. वर पाऊस थांबायला तयार नव्हता, कोयना धरणाचं पाणी सोडलेलं, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी तासातासाला व्हॉट्सअ‍ॅपवर येत होती. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांना पण पाठ असतं. सोमवारी ५ तारखेला संध्याकाळी मी म्हटलं, दादा, सामान माडीवर नेऊया आणि आईंना आजच मिरजेला माझ्या बहिणीकडे पोचवूया, रस्ता अजून चालू आहे. दादांनी आधी भिंतीवरची खूण दाखवली. २००५ ला पाणी आमच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, तिथं सासऱ्यांनी निळ्या ऑइलपेंटने रेघ मारलेली. म्हणाले, याच्या वर पाणी येत नाही. मग दाराच्या वरची पाटी दाखवली, त्यावर ९१ वं स्तोत्र, देव आपल्या माणसाला संकटात राखतो असं सांगणारं. आणि मग ते म्हणाले, "तुझा विश्वास एवढाच का गं? हॉस्पिटलात राहून राहून तुला सगळीकडे मरणच दिसतंय." आणि सांगितलं की आज रात्री सगळ्या घराने उपवास-प्रार्थना करायची.

मी काही बोलले नाही. धाकटी सून, पोरं ऐकतायत, आई मान डोलावतायत. पण इन्सुलिन घेणाऱ्या ७९ वर्षांच्या बाईला मी उपाशी ठेवणार नव्हते, म्हणून स्वयंपाकघरात नेऊन त्यांना भाकरी आणि दूध दिलं आणि बाहेर येऊन प्रार्थनेला बसले. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितेय.

मंगळवारी पाणी निळ्या रेघेला लागलं आणि थांबलं नाही. उंबऱ्यातून आत येताना पाण्याचा आवाज होत नाही हो, फरशीवर नुसती एक काळी पट्टी सरकत येते, तिच्यापुढे झुरळं पळत असतात. तासाभरात पोटरी, अंधार पडेपर्यंत गुडघा. मेन स्विच मिस्टरांनी बंद केला, सिलिंडर दोघांनी मिळून वर नेला, तांदळाचा डबा नेला, गादी एकच गेली. आईंना खुर्चीत बसवून माडीवर चढवलं. त्या गडबडीत मी इन्सुलिन विसरले. मी, नर्स. फ्रीजच्या दारात ठेवलेलं होतं. पाण्यात फ्रीज उभा राहत नाही, तरंगतो आणि आडवा पडतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी कमरेएवढ्या पाण्यातून गेले तेव्हा तो दार खाली करून आडवा तरंगत होता, उलटा करायला दोन माणसं लागली असती. सापडली ती एक वापरातली बाटली, तिच्यात जेमतेम दोन दिवसांचं औषध.

पुढे आम्ही माडीवर गुरुवारपर्यंत होतो. त्या आठवड्यात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण लाइट गेली की मोटर नाही आणि टाकी आम्ही भरून ठेवलेली नव्हती. पन्हळीखाली पितळी घागर लावून पावसाचं पाणी धरलं, उकळून प्यायलो. शेजारच्या जैन काकू त्यांच्या गच्चीवरून दोरीला पिशवी बांधून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, ती पण सूर्य मावळायच्या आत, कारण त्यानंतर त्यांची चूल नाही. आम्ही त्यांना माघारी द्यायला तांदळाशिवाय काही नव्हतं. बुधवारी इन्सुलिन संपलं, आईंची तहान वाढत गेली, बोलणं जड व्हायला लागलं. गुरुवारी एनडीआरएफची (आपत्तीतल्या बचाव दलाची) बोट आली. त्याच दिवशी ब्रह्मनाळला गावची बोट उलटून माणसं गेली, ते आम्हाला मिरजेला पोचल्यावर कळलं आणि मी मटकन खाली बसले. हॉस्पिटलात आईंची शुगर ५०० च्या वर निघाली. पाण्यातून चालताना पायाला कापलेलं त्यांना कळलंच नव्हतं, संवेदना कमी झालेली असते ना. नंतर उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

पाणी उतरल्यावर एका रविवारी दादांनी मंडळीत उभं राहून साक्ष दिली की विश्वासाच्या बळावर देवाने आमचं घर राखलं. देवाने राखलं हे खरंच आहे, मी पण रोज तेच म्हणते. पण मी आईंच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत बसले होते.

आता तुमच्या घरच्यांना काय सांगायचं ते सांगते, मला तेव्हा सुचायला हवं होतं. ९१ वं स्तोत्र शास्त्रात (बायबलात) आणखी एका ठिकाणी येतं, मत्तयाच्या चौथ्या अध्यायात, आणि तिथं ते सैतानाच्या तोंडी आहे. मंदिराच्या टोकावर उभं करून तो प्रभू येशूला म्हणतो, उडी मार, देवदूत झेलतील असं लिहिलंय. प्रभूने उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहू नकोस असंही लिहिलंय म्हणून सांगितलं. पाणी चढताना दिसत असून म्हाताऱ्या माणसाला खाली ठेवणं ही मला तीच उडी वाटते. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात लोक प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहारा पण बसवतात, दोन्ही एकाच वचनात आहे. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य साठवायला लावलं, त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. आणि उपवासाचं म्हणाल तर प्रेषितांच्या कृत्यांतला २७ वा अध्याय काढा. चौदा दिवस तुफानात, गलबतावर २७६ माणसं, देवाचा दूत पौलाला सांगून गेलाय की कोणी मरणार नाही, तरी पौल काय करतो, तर सगळ्यांना आग्रहाने जेवायला लावतो. वचन मिळालेलं असताना.

आध्यात्मिक तयारीचं विचारलंत. माझ्या मते ती पाठांतर आहे, लोकांना हे फार साधं वाटतं पण मी बघितलंय. माडीवर दुसऱ्या रात्री मोबाइल मेले, मेणबत्ती एक, पुस्तक एकही वर नव्हतं. सहा वर्षांची पोर रडायची थांबेना. आईंनी २३ वं स्तोत्र सुरू केलं, तोंडपाठ, तो नऊचा पोरगा संडे स्कूलमुळे दोन ओळींनी मागून म्हणायला लागला, मग गाणी, एकामागून एक, मराठी भजनं, जुन्या चालीची, कडवी न चुकता. जिभेला कोरड पडलेली बाई अंधारात तासभर गात होती आणि पोर तिच्या मांडीवर झोपली. मोबाइलमधलं शास्त्र त्या रात्री कुणाच्या कामाचं नव्हतं. म्हणून रोजची कुटुंबप्रार्थना चुकवू नका आणि पोरांकडून पाठ करून घ्या, आठवड्याला दोन वचनं तरी.

दुसरं म्हणजे मरणाचं बोलून ठेवा. आपल्यात पुनरुत्थानावर विश्वास ठेवतात आणि घरात मृत्युपत्राचा विषय काढला की तोंडं फिरवतात. आईंनी त्या माडीवर मला सांगितलं की कुठलं गाणं गायचं, कुठली साडी नेसवायची, आणि सोन्याच्या पाटल्या कोणाला. एवढ्या शांतपणे सांगितलं की माझीच भीती गेली. २०२२ मध्ये त्या झोपेत गेल्या तेव्हा आम्हाला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

बाकी सामानाचं थोडक्यात. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा, आठवड्याचं. पाऊस लागला की टाकी सकाळीच भरून घ्यायची. क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च, चार्ज केलेली पॉवरबँक, सुक्या खाण्याचा डबा, आणि तो डबा भरताना शेजारच्यांचा पण हिशोब धरा, नाहीतर मी त्या काकूंच्या पिशवीकडे बघून जशी ओशाळले तसे ओशाळाल. झाकणाची बादली, काळ्या पिशव्या आणि चुना ठेवा, संडास बुडल्यावर बायकांचे काय हाल होतात ते कोणी लिहीत नाही. चालू असलेली इन्सुलिनची बाटली फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालते, ऊन लागू द्यायचं नाही, ओल्या मडक्यात ठेवली तर उत्तम, आणि एक जादाची बाटली व सिरिंज कायम वरच्या मजल्यावर. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, अँब्युलन्स १०८, हे भिंतीवर लिहा, मोबाइलमध्ये नको.

पण या सगळ्यापेक्षा कामाचं काय असेल तर आकडा आधी ठरवणं. आमच्याकडे आता ठरलंय, आयर्विनला ४० झालं की सामान वर, ४३ झालं की म्हातारी माणसं आणि पोरं मिरजेला, त्यावर चर्चा नाही, प्रार्थना गाडीत करायची. तुमच्याकडे नदी नसेल तर दुसरं काही असेल, दरड असेल, गॅस असेल, कुणाचं हार्ट असेल, पण डोकं शांत असताना ठरवा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पुन्हा ५० च्या वर, तेव्हा ४० चा मेसेज आला आणि मी उठायच्या आधी दादा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होते. त्या दिवशीही ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

हे मात्र सांगायला हवं, दादा वाईट माणूस नाहीत. २०१९ ला बोटीपर्यंत आईंना छातीएवढ्या पाण्यातून पाठीवर त्यांनीच नेलं, वयाच्या ५८ व्या वर्षी, आणि पूर्ण वाटभर तोंडाने प्रार्थना करत होते. त्यांची प्रार्थना खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. आणि सगळ्यांना माडी नसते, नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला माझा आकडा काय कामाचा, त्यांच्यासाठी मंडळीचा हॉल उंचावर असेल तर त्याची किल्ली दोघा-तिघांकडे असावी, एकट्या पाळकसाहेबांकडे नको, ते गावाला गेलेले असले तर? औषधांचं पण तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं असतं.

अजून एक राहिलं. सोप्यातल्या कोनाड्यात आमचं घरचं शास्त्र होतं, आजेसासऱ्यांचं. पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले सगळे बाप्तिस्मे, लग्नं, मरणं शाईने लिहिलेली. सोमवारी मी ते उचललं होतं, दादा म्हणाले, राहू दे, ते घर राखतं. आठवड्याने सापडलं तेव्हा विटेसारखं फुगलेलं आणि शाईचा नुसता निळा ढग. तुमच्याकडे असं शास्त्र असेल तर आजच त्या पानांचे फोटो काढा आणि परगावच्या नातेवाइकांना पाठवून ठेवा, मंडळीची रजिस्टरं पण स्कॅन करून घ्यायला सांगा. मी नवीन शास्त्र आणलंय, मंडळीच्या रजिस्टरमधून आणि मोठ्या आत्यांना विचारून एकेक नाव पुन्हा लिहितेय. आजेसासूबाईंचा बाप्तिस्मा लग्नाआधी झाला एवढंच आत्यांना आठवतं, साल आठवत नाही, म्हणून त्यांच्या नावापुढे जागा मोकळी ठेवलीय. गेल्या महिन्यात दादा ते पान उघडून बराच वेळ बसले होते, मग त्यांनी स्वतःच्या हाताने आईंची तारीख लिहिली.