नेफरतारीच्या थडग्यातले रंग नवे नाहीत

इजिप्तमधल्या लक्सरहून परतल्यावर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. राणी नेफरतारीच्या थडग्यातली चित्रं इतकी ताजी दिसतात, म्हणजे ती मागाहून रंगवली असतील ना? आणि एवढं महागडं तिकीट काढूनही काही मिनिटांत बाहेर का काढतात?

मागाहून रंगवलेली नाहीत. तुम्ही पाहिलंत ते तिचा नवरा, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस, याच्या काळातल्या चित्रकारांच्याच हातचं, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

हे थडगं ज्या दरीत आहे, त्या राण्यांच्या दरीतला चुनखडक भेगाळलेला आहे. त्यावर थेट नाजूक कोरीव काम होईना, म्हणून कारागिरांनी गिलाव्याचे जाड थर चढवले, त्यातच उठाव कोरला आणि वर रंग दिले. दुखणं तिथूनच सुरू झालं. हा खडक समुद्रतळाशी तयार झालेला, त्यामुळे त्यात मूळचंच मीठ. आपण जेवणात घालतो तेच. ओल्या गिलाव्याच्या पाण्यात ते विरघळलं आणि भिंत सुकताना गिलाव्याच्या मागे त्याचे स्फटिक झाले. पुढे पावसाचं पाणी झिरपलं की पुन्हा तेच. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तसाच हा प्रकार. स्फटिक वाढले की गिलावा खडकापासून सुटतो, फुगतो आणि शेवटी चित्रासकट खाली येतो. 1904 साली एर्नेस्तो स्क्यापारेल्ली यांच्या इटालियन मोहिमेला हे थडगं सापडलं, तेव्हाही बरीच पडझड झालेली होती.

1986 मध्ये इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि लॉस एंजेलिसची गेटी जतनसंस्था यांनी काम हाती घेतलं. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती त्यांची सुरुवात. आधी नुसतं पाहिलं. खडक, मीठ, रंग, हवेतला दमटपणा, सगळं तपासलं. कुठे फुगवटा, कुठे पोपडा, याचे भिंतवार नकाशे काढले आणि जुन्या फोटोंशी ताडून मधल्या काळात काय गळून पडलं ते ठरवलं. सुटलेल्या गिलाव्यावर बोटाने हलकेच टकटक केली की पोकळ आवाज येतो. भित्तिचित्रांवर काम करताना मी तो इतकी वर्षं ऐकतोय, तरी अजून पोटात गोळा येतो. इथे तर पडायच्या बेतात असलेले तुकडे जागच्या जागी धरून ठेवायला जपानी कागदाच्या 10,000 हून जास्त पट्ट्या लावाव्या लागल्या.

मग लाउरा आणि पाओलो मोरा या इटालियन जतनतज्ज्ञ दांपत्याच्या देखरेखीखाली 1992 पर्यंत मुख्य काम चाललं. मागचं मीठ काढायचं, गिलावा परत खडकाला चिकटवायचा, धूळ आणि आधीच्या दुरुस्त्यांची ठिगळं काढायची. चित्र जिथे गेलं तिथे नवं काढायचं नाही, हा नियम त्यांनी पाळला. तुमचे फोटो पुन्हा उघडून पाहा. मध्येच साध्या गिलाव्याचे कोरे भाग दिसतील. राणीचा झगा तिथे तुटतो, देवाचे पाय नाहीसे होतात. सगळं रंगवलं असतं तर हे कोरे भाग उरलेच नसते.

आता घाईबद्दल. मीठ अजून खडकात आहेच. ते सगळं काढणं शक्य नाही. त्याला पुन्हा जागं करायला ओलावा लागतो, आणि तो आपण श्वासातून नि घामातून आत नेतो. म्हणून नोव्हेंबर 1995 मध्ये थडगं लोकांसाठी उघडलं तेव्हाही दिवसाला फक्त 150 जणांना आत सोडत. तिथल्या रखवालदाराने तुम्हाला बाहेर काढलं, ते या भिंतींसाठी.