नर्सिंगच्या प्रवेशाआधी रुग्णालयात कोणते काम धरावे?

तुम्ही सांगलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षे काम करत आहात, मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. आहात, आणि यजमान अमेरिकेचे नागरिक असल्याने येत्या चार महिन्यांत स्थलांतरित व्हिसावर न्यू जर्सीत, एडिसनला येत आहात. तुमचा प्रश्न असा आहे की नर्सिंगला प्रवेश मिळेपर्यंतच्या वर्ष-दीड वर्षात रुग्णालयात रक्त काढण्याचे काम धरावे, वॉर्डच्या टेबलावर युनिट सेक्रेटरी म्हणून बसावे, की सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा, कोर्स करावा. शिवाय या तिसऱ्या कामाला सासरी ‘आयाबाईचे काम’ म्हणत आहेत, त्यांना काय सांगावे, हेही तुम्ही विचारले आहे. मी अकरा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून बी.कॉम. होऊन याच राज्यात आले, आधी मदतनीस म्हणून राबले आणि आता एका रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात, म्हणजे सर्वसाधारण आजारांच्या आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या वॉर्डात, रजिस्टर्ड नर्स आहे, त्यामुळे जे लिहिते आहे ते बहुतेक स्वतः भोगलेले आहे.

माझे मत असे की मदतनिसाचेच काम धरावे, ते शक्यतो रुग्णालयाच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात धरावे, आणि अभ्यास सुरू झाला की आठवड्याला चोवीस तासांपेक्षा जास्त करू नये. यातली शेवटची अट कोणीच ऐकत नाही. मीही ऐकली नव्हती, त्याविषयी पुढे लिहिते.

कामाच्या परवानगीचे आधी उरकून घेते. स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला विमानतळावर शिक्का बसला की लगेच नोकरी करता येते, तेव्हा तुम्हाला त्याची चिंता नाही. मात्र एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याची बायको म्हणून, येणाऱ्या एखाद्या मैत्रिणीने तुमचे पाहून हाच बेत केला, तर तिला आधी स्वतंत्र वर्क परमिट मिळवावे लागेल, आणि एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याची बायको म्हणून आल्यास, तर नोकरी करताच येत नाही.

रक्त काढण्याचे काम तुम्हाला सर्वांत सोपे जाईल, यात शंका नाही. कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन ही चार राज्ये सोडली तर फ्लेबॉटमिस्टला, म्हणजे रक्त काढणाऱ्याला, राज्याचा परवाना लागत नाही, फक्त नोकरी देणारे बहुधा एखादे प्रमाणपत्र मागतात. निळ्या टोपणाची नळी आधी आणि जांभळ्या टोपणाची नंतर, हा क्रम तुम्हाला झोपेतही आठवेल. पण म्हणूनच ते काम धरू नये असे मला वाटते. फ्लेबॉटमिस्ट पहाटे ट्रॉली घेऊन येतो, रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख विचारतो, शीर शोधतो, नळ्या भरतो, लेबल लावतो आणि पाच मिनिटांत पुढच्या खोलीत जातो. त्याला रुग्णाचा हात दिसतो, रुग्ण दिसत नाही. तुम्ही वर्षभर ते केले तर जे येते आहे तेच आणखी सफाईने येईल, आणि नर्सचा दिवस कसा जातो हे मात्र प्रवेश घेईपर्यंत कळणार नाही.

मदतनीस त्याच खोलीत बारा तासांत दहा-बारा वेळा जातो. हृदयविकाराने दाखल झालेल्या एका आजोबांना मी पहाटे पाच वाजता उठवून वजनकाट्यावर उभे केले, तेव्हा वजन आदल्या दिवसापेक्षा दीड किलोने जास्त भरले. मग लघवीची पिशवी मापट्यात रिकामी केली, मापटे सपाट जागी ठेवून, वाकून, डोळे त्या रेषेशी आणून पाहिले, तर रात्रभरात जेमतेम दोनशे मिलिलिटर. अंघोळीसाठी पायमोजा काढला तेव्हा त्याच्या कडेचा वळ घोट्याच्या वर इतका खोल उमटला होता की त्यात बोटाचे टोक बसावे. या तिन्ही गोष्टी मी जाऊन नर्सला सांगितल्या. तिने आजोबांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मदतनिसाने निदान करायचे नसते, पाहायचे, मोजायचे, लिहायचे आणि वेळेवर सांगायचे असते. पुढे वर्गात हार्ट फेल्युअर शिकवायला घेतले तेव्हा आजूबाजूचे लोक लक्षणे पाठ करत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो घोटा होता.

युनिट सेक्रेटरीचे काम वाईट नाही. कोणता डॉक्टर कोणत्या विभागाचा, कोणाला केव्हा पेज करायचे, रुग्णाला घरी सोडताना कोणते कागद लागतात, हे तिथे बसून पटापट कळते, आणि फोनवरचे अमेरिकन इंग्रजी कानाला सरावते. पाठीचे दुखणे असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर मी तेच सुचवीन. परंतु तो अनुभव काही नर्सिंग शाळा रुग्णसेवेचा अनुभव म्हणून धरत नाहीत, आणि रुग्णाच्या अंगाला हात लावल्यावर आपल्याला कसे वाटते हा खरा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतो. सिटर म्हणून, म्हणजे गोंधळलेल्या किंवा स्वतःला इजा करू शकणाऱ्या रुग्णाजवळ नुसते बसून लक्ष ठेवण्यासाठी, आणि ट्रान्सपोर्टर म्हणून, म्हणजे स्ट्रेचर ढकलण्यासाठी, अनुभव नसलेल्यांनाही घेतात. दाराच्या आत पाऊल टाकण्यापुरती ती कामे ठीक आहेत. फक्त एक लक्षात ठेवावे की एका विभागात लागल्यावर सहा महिने किंवा वर्षभर दुसरीकडे बदली मागता येणार नाही, असा नियम बहुतेक रुग्णालयांत असतो. त्यामुळे ‘आधी मिळेल ते घेऊ, मग वॉर्डात जाऊ’ या हिशेबात वर्ष सहज निघून जाते.

आता ‘आयाबाईचे काम’. सासरची मंडळी चुकीचे बोलत नाहीत, ती आपल्याकडच्या रुग्णालयाविषयी बोलत आहेत. आपल्याकडे सिस्टर वेगळ्या आणि मावशी वेगळ्या. पॅन द्यायचे ते मावशींनी, भरवायचे आणि अंग पुसायचे ते उशाशी बसलेल्या नातेवाइकांनी, आणि मावशी कितीही हुशार असल्या तरी त्यांची सिस्टर होत नाही. इथे नातेवाईक भेटायला येतात, पण त्यांनी शुश्रूषा करावी अशी अपेक्षा नसते. भरवणे, अंघोळ, कूस बदलणे, शी-शू हे सगळे कर्मचाऱ्यांचे काम, आणि मदतनीस दुसऱ्या खोलीत अडकलेला असेल तर नर्सने स्वतः करायचे काम. मी नर्स होऊन काही वर्षे झाली, आणि मागच्याच आठवड्यात एका आजींना एका रात्रीत चार वेळा स्वच्छ केले. म्हणजे हे काम नर्सिंगच्या आधीचे नाही, नर्सिंगमधलेच आहे, आणि ते जमत नसेल तर शाळेची फी भरण्यापूर्वी कळलेले बरे. घरच्यांना एवढेच सांगावे की इथली रजिस्टर्ड नर्सही हे रोज करते. माझ्या आईने मात्र दोन वर्षे नातेवाइकांना ‘ती हॉस्पिटलमध्ये आहे’ यापलीकडे एक अक्षर सांगितले नाही, आणि काही जणांचा असा समज झाला की मीच आजारी आहे.

तुमच्या पदवीचा उपयोगही नेमका इथेच होतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, हे तुम्ही परीक्षेत लिहिलेले असेल. वॉर्डात त्याचा अर्थ असा होतो की त्या जुलाबाच्या रुग्णाच्या खोलीतून बाहेर पडताना दारावरच्या सॅनिटायझरने भागत नाही, गाऊन आणि हातमोजे उतरवून साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात, आणि रात्रीत आठव्यांदा हे करताना कंटाळा करणारा माणूस तो जंतू शेजारच्या खोलीत नेऊन पोहोचवतो.

सीएनएच्या कोर्सविषयी. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या मदतनिसासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. राज्ये त्यात भर घालतात. न्यू जर्सीत ९० तास आहेत, कॅलिफोर्नियात १६०. परीक्षेत लेखी भाग असतो आणि परीक्षकासमोर काही कौशल्ये करून दाखवायची असतात. लोक नापास होतात ते अवघड गोष्टींमुळे नव्हे, तर व्हीलचेअरचे ब्रेक लावायला किंवा निघताना बेल रुग्णाच्या हाताशी ठेवायला विसरल्यामुळे. श्वास मोजताना ‘श्वास मोजते आहे’ असे सांगायचे नसते, कारण सांगितले की माणूस निराळाच श्वास घेऊ लागतो. नाडीवर बोटे तशीच ठेवून छाती पाहायची. पैशांबाबत एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्ही स्वतः फी भरून कोर्स केला आणि वर्षाच्या आत मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांचे रुग्ण घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये लागलात, तर फीची भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. पावत्या जपून ठेवाव्यात.

रुग्णालयांना हा कायदा तसा लागू नाही, म्हणून काही रुग्णालये सीएनए नसलेल्यांनाही पेशंट केअर टेक्निशियन म्हणून घेऊन स्वतः शिकवतात. जाहिरातीत या कामाची नावे निरनिराळी असतात, तेव्हा नावावर न जाता खालचे कामाचे वर्णन वाचावे. तरीही अनुभव नसलेल्या, नव्याने आलेल्या माणसाला रुग्णालयातून लगेच बोलावणे येईलच असे नाही, आणि मग नर्सिंग होम हाच रस्ता उरतो. तिथे जायला हरकत नाही, फक्त सहा महिन्यांच्या हिशेबाने जावे. मी ज्या नर्सिंग होममध्ये सुरुवात केली तिथे रात्री माझ्याकडे वीस वृद्ध असत आणि दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलल्याची नोंद करायची असे. ती वेळेत होणे शक्य नव्हते, हे नोंद करणाऱ्यालाही माहीत होते आणि ती तपासणाऱ्यालाही. आता न्यू जर्सीत कायद्याने प्रमाण ठरलेले आहे: दिवसा आठ जणांमागे एक सीएनए, संध्याकाळी दहा जणांमागे एक कर्मचारी, रात्री चौदा जणांमागे एक. मुलाखतीत ‘तुमच्याकडे रात्री प्रत्यक्षात किती असतात?’ असे विचारावे आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही पाहावे.

आता तासांचे. रुग्णालयात बारा तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तास, हीच पूर्णवेळ नोकरी समजतात, आणि ‘चार दिवस सुट्टी’ ऐकून प्रत्येकाला वाटते की अभ्यासाला वेळच वेळ आहे. मीही संध्याकाळी सात ते सकाळी सात अशा तीन रात्री धरल्या आणि त्याच सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घेतला. प्रत्यक्षात प्रत्येक रात्रीमागे दोन दिवस जात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हाडावरच्या खाचेचे नाव आठवेना, आणि शेवटी ज्या श्रेणीवर शाळेने प्रवेशच दिला नसता अशी श्रेणी घेऊन तो विषय पुन्हा करावा लागला. त्यात एक वर्ष गेले. मदतनीस म्हणून कितीही चांगले शिफारसपत्र मिळाले तरी प्रवेश आधी गुणांवर ठरतो. म्हणून पहिले तीन-चार महिने, वर्ग सुरू होण्याआधी, हवे तर पूर्णवेळ काम करून हात बसवावा आणि नंतर दोन पाळ्यांवर यावे. त्यातही पर डिएमपेक्षा, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावण्याच्या कामापेक्षा, नेमणुकीची अर्धवेळ जागा बरी, कारण शिक्षणखर्चाची मदत बहुधा नेमणुकीच्या कर्मचाऱ्यांनाच मिळते. नोकरी देणाऱ्याने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेल्या अशा मदतीवर केंद्राचा आयकर लागत नाही. ती किती महिन्यांनी सुरू होते आणि त्या बदल्यात पुढे किती काळ तिथेच राहावे लागते, हे सही करण्याआधी विचारावे.

शाळेबाबत थोडक्यात. पदवीधरांसाठीचा साधारण सव्वा-दीड वर्षाचा बीएसएन, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा, अभ्यासक्रम तुम्हाला सोयीचा दिसेल, पण आपली तीन वर्षांची पदवी तिथे सगळ्याच शाळा पूर्ण पदवी म्हणून मानत नाहीत, आणि मायक्रोबायॉलॉजीसारखे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असले तर पुन्हा करायला लावतात. आपल्या पदवीच्या मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी दोन-तीन शाळांना ईमेल करून हे लेखी विचारून घ्यावे. पूर्वतयारीचे विषय एडिसनमधल्या मिडलसेक्स कॉलेजात, म्हणजे काउंटी कॉलेजात, कमी खर्चात करता येतात.

निघण्याआधी सांगलीतच करण्याजोगे एक काम आहे. कोणत्याही रुग्णालयात रुजू होताना क्षयाची तपासणी होते. आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे कोपराखाली हातावर टोचून करायची चाचणी फुगू शकते, आणि मग एक्स-रे व खुलासे यांत दोन-तीन आठवडे जातात. म्हणून सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपॅटायटिस बी यांचे पुरावेही लागतील. लॅबमध्ये हेपॅटायटिसचे तीन डोस झालेले असतील तर तारखांसह लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून घ्यावे, आणि हे कागद विमानात हातातल्या बॅगेत ठेवावेत. माझे मोठ्या बॅगेत होते, आणि ती बॅग नऊ दिवसांनी आली.