वाचक विचारतात : सिएनाच्या सतरा पेठा

प्रश्न : इटलीतील सिएना या जुन्या शहरात फिरताना एका गल्लीत जागोजागी कासवाची, तर जवळच्याच दुसऱ्या गल्लीत गोगलगायीची चिन्हे दिसली. तेथील घोडशर्यतीशी त्यांचा संबंध असल्याचे वाटाड्याने सांगितले. या पेठा आणि ती शर्यत आज केवळ पर्यटकांसाठी जपलेला देखावा आहे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : देखावा म्हणावा असे त्यात फार थोडे आहे. आपण पाहिलेल्या गल्ल्या तार्तूका म्हणजे कासव आणि किओच्चोला म्हणजे गोगलगाय या दोन कोंत्रादांच्या आहेत. शेजारी असूनही, किंवा खरे तर शेजारी असल्यामुळेच, त्या एकमेकींच्या हाडवैरी आहेत. इतक्या संथ प्राण्यांनी घोड्यांच्या शर्यतीत एकमेकांवर मात करू पाहावे, यातला विनोद बहुधा बाहेरच्या माणसालाच सुचतो.

कोंत्रादाला ‘पेठ’ हा मराठी शब्द जवळचा असला तरी तो पुरा पडत नाही. प्रत्येक कोंत्रादाचे स्वतःचे चर्च, संग्रहालय, निशाण आणि कारंजे असते. वर्षभराचा कारभार निवडून आलेला प्रिओरे पाहतो आणि शर्यतीची सूत्रे कपितानोकडे असतात. चर्चमधील बाप्तिस्म्याखेरीज मुलांचा कारंज्यापाशी पेठेचा म्हणून आणखी एक बाप्तिस्मा होतो आणि त्यांच्या गळ्यात पेठेच्या रंगांचा रुमाल येतो. पर्यटक परतल्यावरही चालू राहणारा हा व्यवहार आहे.

मध्ययुगात, सिएना स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, कोंत्रादांची संख्या बरीच जास्त होती. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत या शहराने बलाढ्य फ्लॉरेन्सला धूळ चारली. १३४८ च्या प्लेगने मात्र ते असे खचले की कॅथीड्रलचा आखलेला प्रचंड विस्तार अर्धवटच राहिला आणि त्याच्या उघड्या भिंती आजही उभ्या आहेत. पुढे १५५५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर शहर शरण आले आणि अखेर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या हाती गेले. राज्य गमावलेल्या शहराने आपला अभिमान पेठांमध्ये साठवला, असे मला वाटते, कारण पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकाभोवतीची पालिओ शर्यत रुजली ती त्यानंतरच्या, सतराव्या शतकात. १७२९ मध्ये राज्यपाल व्हिओलान्ते बेआत्रिचे यांनी आखून दिलेल्या सतरा कोंत्रादांच्या सीमा आजही मानल्या जातात.

प्रश्न : पालिओत सतराही पेठा का धावत नाहीत? आणि स्वार नसलेला घोडा जिंकू शकतो, हे खरे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चौकाभोवतीचा मार्ग अरुंद, उताराचा आणि धोक्याच्या वळणांचा असल्यामुळे एका वेळी दहाच घोडे धावतात. आदल्या वर्षी त्याच तारखेच्या शर्यतीत न धावलेल्या सात कोंत्रादांना हक्काने स्थान मिळते, उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून ठरतात. शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. तीन फेऱ्या साधारण दीड मिनिटात संपतात.

घोडाही चिठ्ठीनेच वाट्याला येतो; स्वार मात्र पैसे मोजून आणलेला, बहुतेकदा बाहेरगावचा असतो, त्यामुळे त्याच्यावर कोणी पुरता विश्वास टाकत नाही. आपल्याला जिंकणे शक्य नसेल तर वैऱ्याला तरी जिंकू द्यायचे नाही, यासाठी कपितानोंमध्ये पैशांचे गुप्त करार होतात आणि रूढीला ते मान्य आहेत. स्वार बिनखोगीर बसतात, चाबकाने एकमेकांनाही मारतात आणि वळणावर पडतात. पण घोडा एकटाच प्रथम आला तरी त्याची पेठ विजयी ठरते. शर्यतीपूर्वी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन पाद्री ‘जा आणि जिंकून ये’ असा आशीर्वाद देतात आणि त्या वेळी त्याने तिथेच लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात. बक्षीस म्हणजे मेरीमातेचे चित्र असलेला रेशमी ध्वज, ज्याला सिएनाकर लाडाने ‘चेंचो’, म्हणजे चिंधी म्हणतात. त्यानंतर शरद ऋतूत विजयी पेठेच्या रस्त्यावर लांबच लांब मेजे मांडून जेवणावळ होते आणि तिचा मानकरी घोडाच असतो.