रानडुकरं, फोरेट आणि ताडोब्याच्या बफरमधली शेती

प्रश्न : आमची शेती चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या बफरला (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून. सोयाबीन आणि हरभरा रानडुकरं खाऊन टाकतात. विक्रेता म्हणतो, धुऱ्याने (बांधाने) फोरेट टाका. काही जण रात्री तारेत लाइन सोडतात. अभयारण्याचा शेतकऱ्याला त्रासच आहे, फायदा काय? उपाय सांगा.

उत्तर : आधी फोरेट या दाणेदार, विषारी कीटकनाशकाचं. टाकू नका. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आजही कोणी काउंटरखालून पुडा काढून देत असेल तर तो बेकायदा माल आहे आणि त्याची पक्की पावती तुम्हाला मिळणार नाही. वासाने डुक्कर चार दिवस बिचकतं, मग त्याच धुऱ्यावरून आत शिरतं. ‘कमी पडलं, दुप्पट टाका’ हा विक्रेत्याचा पुढचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. असा एक धुरा मी पाहिला आहे. दाण्यांपाशी दोन कोतवाल पक्षी आणि एक मुंगूस मरून पडलं होतं, आणि आत हरभऱ्यात डुकरांनी उकरलेलं ताजं होतं. कोतवाल घाटेअळी टिपतो, मुंगूस उंदीर मारतं. म्हणजे पैसे देऊन आपलेच राखणदार मारले. खाली उताराला बोडी (छोटं तळं) किंवा नाला असेल तर पावसात ते विष गुरांच्या पाण्यात जातं.

आता तारेतली लाइन. घरगुती वीज तारेत सोडणं म्हणजे माणूस मारायची तयारी. पहाटे शौचाला, जागलीला किंवा पाणी द्यायला निघालेला शेजारीच त्यात सापडतो. वाघ-बिबट मेला तर वन्यजीव कायद्याने किमान तीन वर्षं कैद आहे. ‘एकाच रात्रीपुरती सोडली होती’ हे कोर्टात चालत नाही.

जंगलाचा फायदा विचारलात, तर तो रोज मिळतो, पण दिसत नाही. १९५५चं ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६चं अंधारी अभयारण्य मिळून १९९५मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवती त्याहून मोठा बफर. चंद्रपूर शहर ज्या इरई धरणाचं पाणी पितं, ते याच जंगलाच्या कडेला आहे. आणि डुकरांचं म्हणाल, तर मादी एका वेतात चार-सहा पिलं देते. ही पैदास फोरेटने आवरत नाही. ती वाघ, बिबट आणि रानकुत्री आवरतात. विषाने मेलेलं जनावर रानकुत्र्यांनी खाल्लं की कळपच्या कळप जातो. मग डुकरांना धाक कोणाचा? म्हणून सांगतो, राखीव जंगल टिकलं तरच बफरमधली शेती टिकेल.

माझा भर करडईच्या पट्ट्यावर आहे. हरभऱ्याच्या भोवती करडईच्या चार ओळी दाट घ्या. काट्यांत डुक्कर तोंड घालत नाही. सोयाबीन पेरतानाच धुऱ्याकडची चार तासं (ओळी) मोकळी ठेवा आणि सप्टेंबरच्या शेवटी, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यात करडई टोका. हरभऱ्यासोबत पेरली तर घाटे भरतात तेव्हा काटा कोवळाच असतो आणि वर मावा पडतो. उशीर करू नका. बियाणं घेताना पिशवी वाचा. नारी-६ हे बिनकाट्याचं वाण आहे. पाकळी गोळा करायला चांगलं, कुंपणाला निरुपयोगी. विक्रेता ‘करडई ती करडई’ म्हणून तेच हातात देतो. भीमा किंवा एकेएस-२०७ मागा. फुलावर मधमाश्या येतात, तेव्हा पट्ट्यावर उगाच फवारणी नको.

काटा तयार होईपर्यंत झटका मशीन लागेल, म्हणजे तारेत क्षणभराचा, जीव न घेणारा झटका सोडणारं यंत्र. सौर बॅटरीवरचंच घ्या, घरच्या लाइनला जोडू नका. खालची तार जमिनीपासून एक वीत, नाहीतर डुक्कर खालून जातं. ‘मशीन चालत नाही’ म्हणून बोलावतात तिथे बहुतेक वेळा गवत तारेला टेकलेलं असतं किंवा अर्थिंग कोरडं पडलेलं असतं. विक्रेता अशा वेळी जास्त ताकदीचं मशीन विकतो. ते घेऊ नका, आधी गवत कापा, अर्थिंगला पाणी घाला आणि सर्वांत लांबच्या टोकाला टेस्टर लावून बघा. एकट्याच्या कुंपणाने डुकरं शेजाऱ्याकडे वळतात, म्हणून पाच-दहा जणांनी मिळून एकच घेर टाका.

योजना : डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, गॅसही मिळतो. अर्ज गावच्या समितीमार्फत. नुकसान झालं तर तीन दिवसांत वनरक्षकाकडे लेखी द्या. पंचनाम्याआधी शेत नांगरू नका, त्यापायी अनेकांची भरपाई गेली आहे. खरीप २०२६ पासून पीक विम्यातही वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान घ्यायचं केंद्राने जाहीर केलं आहे. त्याला ७२ तासांत फोटोसह कळवावं लागतं.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवू नका, झाडून घ्या किंवा जाळी अंथरा. तो वणवा जंगलात शिरला की चितळ-डुकरं चाऱ्यासाठी थेट तुमच्या उन्हाळी पिकात येतात. आणि फुलं वेचायला उजाडल्यावर चार-पाच जण मिळूनच जा. वाकून बसलेल्या माणसावर वाघाचा हल्ला व्हायचा धोका जास्त असतो.

करडईचं बियाणं ऑगस्टमध्येच बघून ठेवा. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात चौकशी करा, काट्याचं वाण हवं हे स्पष्ट सांगा आणि पावती घेतल्याशिवाय पिशवी उचलू नका.