कॅरिबियनमधील पहिला हंगाम: सुरुवातीला एवढेच पाहा

आपण पहिल्यांदाच बोट घेऊन निघत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. सगळी दुरुस्ती आधीच शिकून घेण्याची गरज नाही. सुरुवातीला समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणारा पंप तेवढा नीट समजून घ्यावा.

त्यातील रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) मुठीत मावेल एवढा असतो, पण त्याची पाती तुटली की इंजिन तापते. बेक्विया बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये मी नवा इंपेलर बसवून निश्चिंत झालो आणि तासाभरात इंजिन पुन्हा तापले, कारण जुन्या पात्यांचे दोन तुकडे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकून बसले होते. म्हणून काढलेल्या इंपेलरची पाती मोजावीत आणि जितकी कमी भरतील तितके तुकडे सापडल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

नवख्यांच्या हातून नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- लहान बेटावर सुटे भाग मिळतील असे गृहीत धरणे. इंपेलर, पट्टे आणि डिझेल फिल्टर करमुक्त सिंट मार्टेनमध्ये किंवा मार्टिनिकच्या ल मारँ येथे भरून घ्यावेत.
- डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी) रात्री पाण्यात सोडणे. ती उचलून कुलूप लावावे.
- भांडी घासायला गोडे पाणी वापरणे. स्वच्छ खाडीत ती खाऱ्या पाण्याने घासावीत आणि शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत.
- चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो हे ठाऊक असूनही बोटयार्डातील (बोट पाण्याबाहेर काढून ठेवण्याच्या आवारातील) जागा उशिरा ठरवणे. बेरिल वादळ १ जुलै २०२४ रोजीच ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर धडकले होते.

पालांची दुरुस्ती आणि विजेची जोडणी यांचा विचार पहिल्या दोन महिन्यांनंतर करावा.